दाजींनी नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज करावा का? घर, दागिने, देणी, टॅक्स यांचं नेमकं काय होतं?

रंकाळ्याचा राघू

मंडळी, धागा जरा घरगुती आहे. पण विचारायला दुसरी जागा नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जॉबवर्क करतात. दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), चार पोरं कामाला. कास्टिंग आणायचं, मशीनिंग करून द्यायचं. एका मोठ्या पार्टीनं चौदा महिने बिल लटकवलं आणि मग फोन उचलायचं बंद केलं. तिथून घसरगुंडी.

आजची स्थिती अशी. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) आणि व्हीएमसीचं टर्म लोन, दोन्हीला राहतं घर तारण. दोन पतसंस्था, त्यातल्या एकीला मी जामीनदार. जीएसटी थकलाय. टूलवाला, कास्टिंगवाला, भंगारवाला यांची उधारी. वर हातउसने, त्यांचा हिशेब दाजींच्या डायरीत पेन्सिलनं आहे. शिवाय एक "भाऊ" आहेत. दर सोमवारी येतात, चहा घेतात, दाजींच्या सहीचा कोरा चेक खिशातून काढून दाखवतात आणि जातात.

गेल्या आठवड्यात पेठेतल्या कुणीतरी दाजींना सांगितलं, "कशाला डोक्याला ताप करून घेतोस? कोर्टात नादारीचा अर्ज टाक, सगळं माफ." तेव्हापासून दाजी एकदम हलके झालेत, दोन दिवस नीट जेवले. ताईला मात्र झोप नाही. तिचं म्हणणं, सगळं माफ होत असतं तर अख्ख्या उद्यमनगरानं अर्ज टाकला असता.

खरं काय? घर वाचतं का? ताईचे दागिने, दाजींचा एलआयसी, पीपीएफ? सरकारी देणी सुटतात का? आणि माझं जामीनकीचं काय?

---

भवानी मंडप

भावा, पहिलं त्या सोमवारवाल्या भाऊचा चहा बंद कर. दूध ६० रुपये लिटरच्या वर गेलंय.

---

तांबडा पांढरा

वाचतोय. माझ्या चुलत्यांचंही असंच आहे.

---

काळा कोट

वकिली करतो, त्यामुळे सावकाश लिहितो. कागद न बघता दिलेला सल्ला कुणी अंतिम समजू नये.

पहिली गोष्ट, आपल्याकडं दिवाळखोरीचा नवा कायदा म्हणून जो २०१६ चा ऐकतो, त्यातला व्यक्तींचा भाग सगळ्यांना लागू केलेलाच नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झाला. दाजींचा धंदा स्वतःच्या नावावर दिसतोय, कंपनी नाही. म्हणजे त्यांना लागू होतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहराचा वेगळा, १९०९ चा. कोल्हापूरला १९२० चा, अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे कसबा बावडा रोडला.

त्या कायद्याचं वय त्यातल्या आकड्यांवरून कळतं. अर्ज करायला देणं किमान ५०० रुपये हवं. नादार ठरलेल्या माणसानं आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधार घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. कामगाराच्या थकलेल्या पगाराला अग्रक्रम आहे, पण माणशी २० रुपयांपर्यंत!

अर्ज मंजूर झाला की काय होतं ते बघा. माणसाची सगळी मालमत्ता कोर्टाकडं किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडं जाते. तो विकतो आणि घेणेकऱ्यांना प्रमाणात वाटतो. बिनतारण घेणेकऱ्यांना परस्पर दावे लावता येत नाहीत, कोर्टाची परवानगी लागते. एवढाच काय तो श्वास घ्यायला वेळ. पण तारणवाली बँक या सगळ्याच्या बाहेर. तिचा घरावरचा हक्क नादारीनं एक इंचही हलत नाही. सरफेसी (बँकांच्या तारण वसुलीच्या) कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. दाजींनी सकाळी अर्ज टाकला म्हणून बँकेचा माणूस संध्याकाळी परत जाणार नाही.

आणि "माफ" हा शब्द तर कायद्यात सगळ्यात शेवटी येतो. त्याला डिस्चार्ज म्हणतात, मुक्तता. तो वेगळा अर्ज, वेगळी सुनावणी. मालमत्तेतून बिनतारण देण्याच्या रुपयाला आठ आणेही निघत नसतील, आणि ती वेळ आपल्या चुकीनं आली नाही हे पटवता आलं नाही, तर पूर्ण मुक्तता मिळत नाही. वह्या नीट ठेवल्या नसतील, बुडालोय हे कळल्यावरही धंदा रेटला असेल, तरी तेच. पेन्सिलची डायरी वाचून माझ्या पोटात गोळा आला तो यामुळं.

मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं सुटत नाही. फसवणुकीतून झालेलं देणं सुटत नाही. पोटगी सुटत नाही. आणि राघू, तुझ्यासाठी: जामीनदार सुटत नाही. कलम ४४ मध्ये स्पष्ट आहे.

---

रंकाळ्याचा राघू

वकीलसाहेब, दंडवत. शेवटची ओळ तीनदा वाचली.

---

निवृत्त मास्तर

राघू, तुला घाबरवायचं नाही. पण जामीनदाराची गोष्ट जामीनदारानंच सांगावी.

स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत सही केली होती मी. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला पतसंस्थेचं कर्ज हवं होतं, मुलीच्या लग्नासाठी. फॉर्मवर "जामीनदार क्र. २" लिहिलेलं. क्र. १ त्याचा मेहुणा. मला वाटलं, दोन नंबर म्हणजे माझी पाळी नंतर. कायद्यात असली पाळीबिळी काही नसते. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. संस्था आधी कर्जदाराकडं गेली पाहिजे असंही नाही. पगार ज्याचा पक्का, त्याच्याकडं आधी येतात. मेहुण्याचं पानाचं दुकान होतं आणि मी मास्तर. सांगा कुणाकडं आले असतील.

सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला. साधा दिवाणी दावा लागत नाही त्याला, उपनिबंधकांकडून दाखला, की वसुली अधिकारी दारात. साडेचार वर्षं पगारातून कपात झाली. हेडक्लार्क दर महिन्याला पगारपत्रक देताना तो आकडा अंगठ्यानं झाकायचा, एवढी माणुसकी.

पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. भरलेले पैसे कर्जदाराकडून मागायचा हक्क जामीनदाराला आहे, करार कायद्याचं कलम १४५. दोन जामीनदार असतील तर त्यांच्यात भार सारखा, तेव्हा दुसऱ्याकडून निम्मं मागता येतं, कलम १४६. मी मेहुण्यावर दावा लावला. निम्मं मिळालं. सहकाऱ्यावर नाही लावला. का ते विचारू नका.

तुझ्या कर्जाला दुसरा जामीनदार कोण आहे?

---

भवानी मंडप

मास्तर, मेहुण्यावर दावा आणि दोस्ताला माफी. नाद खुळा न्याय आहे.

---

गुळाची ढेप

मी दुसऱ्या बाजूचा बोलतो, चालेल का? इथं सगळे बुडणाऱ्याची काळजी करायलेत. ज्याचे बुडाले त्याचं काय?

शाहूपुरीत आमची तिसरी पिढी. ही पेठच शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवली. आमचा धंदा तोंडी शब्दावर चालतो. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं आमच्यासकट अकरा जणांचा माल उचलला आणि नादारीत गेला. आम्ही रीतसर रिसीव्हरकडं मागणी दाखल केली. वाटप आलं नऊ वर्षांनी, रुपयाला अकरा पैसे. चेक हातात आला तेव्हा बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो चेक मी वटवलाच नाही. बाबांच्या फोटोमागं आहे अजून.

आणि तो व्यापारी? बंगल्यात. बंगला बायकोच्या नावावर. नादारीच्या आधी बक्षीसपत्र केलेलं.

तेव्हा दाजींबद्दल वाईट वाटतं, पण तो टूलवाला आणि भंगारवाला पण कुणाचे तरी दाजी आहेत.

---

काळा कोट

ढेपसाहेब, तुमचा राग रास्त आहे. नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांत केलेलं असं हस्तांतरण, मोबदला न घेता किंवा सद्‌हेतूशिवाय केलेलं, रिसीव्हरला कलम ५३ खाली रद्द करून घेता येतं. तुमच्या प्रकरणात रिसीव्हरनं हे काढलं नाही का?

---

गुळाची ढेप

काढलं ना. दोन वर्षं आणि पाच महिने झाले होते. त्याचा वकील तुमच्यासारखा हुशार होता.

---

काळा कोट

मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही एक कलम ५३ आहे, घेणेकऱ्यांना चकवायच्या हेतूनं केलेल्या व्यवहारासाठी. त्याला ही दोन वर्षांची चौकट नाही. तेव्हा दावा लावायला हवा होता, आता मुदत गेली.

---

गुळाची ढेप

बरं झालं सांगितलंत. आज रात्री झोप लागली नाही तर तुमच्या नावानं.

---

रंकाळ्याचा राघू

एक कबूल करतो. दाजी कागल तालुक्यातल्या त्यांच्या वाटणीच्या एक एकराचं मुलांच्या नावे बक्षीसपत्र करायच्या तयारीत होते. स्टॅम्पची चौकशीसुद्धा केली. वरचं वाचून दाखवलं तेव्हा गप्प बसले. मग म्हणाले, "मग आईच्या नावावर आहे ते?" मोठी जमीन अजून त्यांच्या आईच्या नावावर आहे. आजी ८४ च्या आहेत, ठणठणीत.

---

काळा कोट

आईची आहे तोवर दाजींच्या घेणेकऱ्यांचा तिच्याशी संबंध नाही. पण नादार ठरल्यानंतर आणि मुक्तता मिळायच्या आधी वारसानं जे येईल तेही रिसीव्हरकडं जातं. म्हणजे अर्ज केला, मंजूर झाला, मुक्तता रेंगाळली आणि त्यात आजी गेल्या, तर दाजींचा हिस्सा घेणेकऱ्यांचा. जमीन आजींची स्वकष्टाची असेल तर मृत्युपत्र कुणाच्या नावे करायचं हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न. त्यांनी स्वतः विचारलं तर सांगा. तुम्ही कागद घेऊन जाऊ नका.

---

भवानी मंडप

८४ वर्षांच्या कागलच्या म्हातारीपुढं कागद न्यायचं धाडस कोण करणार वकीलसाहेब. माझी आज्जी तर अंगठा पण दुकानदाराला विचारून लावते.

---

परसदार

दागिन्यांचं आणि भांड्याकुंड्यांचं कुणी सांगितलं नाही अजून. मी सांगते, आमच्याकडं जप्ती झालेली आहे.

पंधराएक वर्षं झाली. यजमानांवर डिक्री (पैसे भरायचा कोर्टाचा हुकूम) झाली होती. सकाळी साडेदहाला बेलीफ आले, साठीकडं झुकलेले, सोबत दोन पंच. चप्पल उंबऱ्याबाहेर काढून आत आले. मांडीवर पुठ्ठा, त्यावर कार्बन घातलेला कागद. लिहायला लागले. टीव्ही एक, रंगीत. फ्रीज एक, जुना, दरवाजाचे रबर फाटलेले. पंखा तीन. स्वयंपाकघरात आले, तवा, परात, कुकर, पिंप नुसतं बघितलं. मिक्सर लिहिला. मी विचारलं, "कुकर नाही आणि मिक्सर का?" तर म्हणाले, "वहिनी, पाटा आहे की तुमच्याकडं." खरंच होता, परसात, कोथिंबिरीच्या कुंडीखाली. मग शिलाई मशीन लिहायला घेतली. सासूबाई म्हणाल्या, ती माझी, ब्लाउज शिवते मी तिच्यावर. त्यांनी सासूबाईंकडं बघितलं, अर्धवट लिहिलेला शब्द आडवा खोडला आणि बाजूला सही केली. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं आणि तिघेही पुरुष एकदम "अहो दूध!" म्हणून ओरडले. इतक्या वर्षांत मला त्या दिवसातलं हेच आधी आठवतं.

मंगळसूत्राकडं त्यांनी नजरही टाकली नाही. पाटल्या मात्र आधीच गुजरीत, सराफाकडं, गेल्या होत्या.

राघूभाऊ, ताईंना एकच विचारा. त्यांनी कुठं कुठं सह्या केल्यात?

---

काळा कोट

परसदार ताईंनी कलम ६० जिवंत केलं. दिवाणी प्रक्रिया संहितेतलं हे कलम आणि नादारीत रिसीव्हरला हात लावता येत नाही ती मालमत्ता जवळपास एकच. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, रूढीनुसार बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं. पीएफ, पीपीएफ, ग्रॅच्युइटी, सरकारी पेन्शन. स्वतःच्या आयुष्यावरच्या विमा पॉलिसीचे पैसे. पगार असेल तर पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित.

दोन फाटे आहेत. एलआयसी बँकेकडं गहाण टाकला असेल तर हे संरक्षण त्या बँकेविरुद्ध चालत नाही. आणि व्हीएमसी म्हणजे "कारागिराचं हत्यार" असं म्हणायला जाऊ नका, ते बँकेचं तारण आहे.

ताईंच्या स्वतःच्या नावावरचं, माहेरचं, स्त्रीधन, ते दाजींच्या नादारीत येत नाही. सही नसेल तर.

आणि दाजींना तुरुंगाची भीती असेल तर, पैशाच्या डिक्रीसाठी दिवाणी कोठडी तरतुदीत आहे, जास्तीत जास्त तीन महिने. पण निव्वळ पैसे नाहीत म्हणून माणसाला आत टाकता येत नाही, हे १९८० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. बाईला तर अशा डिक्रीत अटकच नाही. चेक न वटण्याचा खटला मात्र वेगळा, तो फौजदारी आहे, नादारी तिथं ढाल होत नाही. म्हणून तो कोरा चेक महत्त्वाचा. सोमवारवाले भाऊ परवानाधारक सावकार आहेत का? नसतील तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं लेखी तक्रार करा, पोच घ्या.

---

रंकाळ्याचा राघू

ताई बँकेच्या दोन्ही कर्जांना सहकर्जदार आहे. तिला हे आज कळलं. "इथं सही करा वहिनी, नुसती फॉर्मॅलिटी आहे." पतसंस्थांना तिची सही नाही.

मास्तर, दुसरा जामीनदार दाजींचा मित्र आहे, दुबईत.

---

निवृत्त मास्तर

म्हणजे पहिला तू.

---

एडिसनकर

मूळचा राजारामपुरी सातवी गल्ली, आता न्यू जर्सी. इथला अनुभव लिहितो, कारण सिनेमे बघून बऱ्याच जणांना वाटतं की "बँकरप्सी" म्हणजे जादूची रबर आहे.

२००९ मध्ये नोकरी गेली, २०१० मध्ये मी चॅप्टर ७, म्हणजे इथला दिवाळखोरीचा अर्ज, फाईल केलं. आधी सक्तीचा समुपदेशनाचा वर्ग. मग ट्रस्टीसमोर (म्हणजे इथला रिसीव्हर) बैठक. मी आठवडाभर पाठांतर केलं होतं, त्यानं पाच-सहा प्रश्न विचारले, सात मिनिटांत बाहेर. चार महिन्यांत डिस्चार्ज. क्रेडिट कार्डांची आणि हॉस्पिटलची देणी संपली. घर गेलं, त्यावर बँकेचा बोजा होता. जुनी गाडी राहिली, निवृत्तीचं ४०१(के) खातं सुरक्षित. त्या वर्षीचा टॅक्स रिफंड ट्रस्टीनं घेतला, ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

शैक्षणिक कर्ज सुटलं नाही, तसं ते सहसा सुटतच नाही. ताजा इन्कम टॅक्सही सुटत नाही. साधारण तीन वर्षांपेक्षा जुना, वेळेवर रिटर्न भरलेला असेल तर काही अटींवर सुटू शकतो. इथं माफ झालेलं कर्ज एरवी तुमचं उत्पन्न धरतात, त्यावर टॅक्स! पण दिवाळखोरीत माफ झालेलं धरत नाहीत, त्यासाठी ९८२ नंबरचा फॉर्म जोडावा लागतो. क्रेडिट रिपोर्टवर शिक्का दहा वर्षं.

वडिलांना सहा वर्षं सांगितलं नव्हतं. शेवटी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलंच होतं, तू २०१० च्या गणपतीला आला नाहीस."

---

शंकासुर

आपल्याकडं असं चार महिन्यांत सुटायची सोय का नाही?

---

काळा कोट

कागदावर आहे. २०१६ च्या संहितेत गरिबांसाठी "नवी सुरुवात" नावाचं प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, माफ होऊ शकणारं देणं ३५,००० च्या आत, आणि स्वतःचं घर नको. पण तो भाग अजून लागूच केलेला नाही.

---

भवानी मंडप

३५,००० मध्ये आमच्या पोराचा मोबाईल येतोय. देणं पण मोबाईलचंच आहे म्हणा.

अवांतर: दिवाळं म्हणजे दिवा. आमचे आजोबा सांगायचे, पूर्वी व्यापारी बुडाला की दिवसाढवळ्या पेढीवर दिवा लावून बसायचा. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

---

तांबडा पांढरा

आता महावितरणचं बिल बघितलं की दिवसा दिवा लावायची हिंमत बुडालेल्यालाच होणार.

---

खतावणी

उशिरा आले, ऑडिटचा सीझन होता. टॅक्सवर कुणीच नीट बोललं नाही आणि खरा फास तिथंच असतो.

लोकांना वाटतं, घर लिलावात गेलं, सगळे पैसे बँकेनं नेले, माझ्या हातात दमडी नाही, मग मला कसला टॅक्स? असतो. घर दाजींचं होतं, विक्री दाजींची धरली जाते, नफाही त्यांचाच. स्वतःच काढलेलं गहाण फेडायला गेलेली रक्कम नफ्यातून वजा होत नाही, सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. (घर वारसानं आलं असेल आणि गहाण आधीच्या मालकानं टाकलेलं असेल, तर मात्र वजा होते.) माझ्याकडं इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले आले होते, घर लिलावात जाऊन दीड वर्ष झालेलं, भाड्याच्या खोलीत राहायचे. हातात आयकराची नोटीस. मला म्हणाले, "मॅडम, चुकून दुसऱ्याची आली असेल." मी दोनदा पॅन नंबर ताडून बघितला. त्यांचीच होती.

राघू, घर कधी घेतलं? २३ जुलै २०२४ च्या आधीचं असेल तर दोन पर्याय आहेत, महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, जो कमी बसेल तो.

आता कामाची गोष्ट. धंद्यातला चालू वर्षाचा तोटा त्याच वर्षीच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. पुढं ओढलेला तोटा नाही करता येत, तो आठ वर्षं फक्त धंद्याच्याच नफ्यातून. म्हणजे दाजींचा मोठा तोटा या आर्थिक वर्षात असेल आणि घरही याच वर्षात, ३१ मार्चच्या आत विकलं गेलं, तर नफ्याचा बराच भाग तिथंच जिरेल. बँकेच्या लिलावाची तारीख बँक ठरवते. स्वतः, बँकेच्या संमतीनं विकलं तर तारीख तुमच्या हातात, आणि भावही लिलावापेक्षा सहसा बरा येतो. रिटर्न मुदतीत भरा. बुडालोय म्हणून रिटर्न कशाला, असं म्हणणारे तोटा पुढं ओढायचा हक्क गमावतात.

तडजोडीत काय सुटतं त्यावरही टॅक्सचा डोळा असतो. कास्टिंगवाल्याचं बिल तुम्ही खर्चात धरलं होतं आणि नंतर त्यानं सोडून दिलं, तर ती रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न. बँकेचं थकलेलं व्याज मात्र भरल्याशिवाय खर्चात मिळतच नाही, तेव्हा ते माफ झालं तर उत्पन्न होत नाही. धंद्याच्या कर्जाची मुद्दल माफ झाली तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर वादाला जागा आहे. तिथं कागद बघूनच बोलेन.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर सगळे बदलले. तत्त्वं हीच आहेत.

ढेपकाका, तुमचे ते बुडालेले पैसे खात्यात बुडीत म्हणून लिहून टाकले होते ना? विक्री उत्पन्नात आधीच दाखवलेली असते, वजावट मिळते.

---

गुळाची ढेप

मिळाली. बाबांना तेच सांगितलं होतं तेव्हा. म्हणाले, "म्हणजे सरकारनं पण माझ्याबरोबर थोडं बुडवून घेतलं म्हण की."

---

शंकासुर

बँकेशी तडजोड केली तर सिबिलला काय दिसतं?

---

खतावणी

"सेटल्ड". "क्लोज्ड" नाही. पुढचा कर्ज देणारा हा एक शब्द वाचून फाईल मिटतो. पण दाजींना पुढच्या पाच वर्षांत कर्ज मिळू नये हे मला वाईट वाटत नाही.

---

परसदार

+१. आणि वसुलीवाले रात्री फोन करत असतील तर लिहून ठेवा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला तेव्हा माहीत नव्हता.

---

रंकाळ्याचा राघू

तीन आठवड्यांनी येतोय, माफी असावी. घडलं ते सांगतो.

नादारीचा अर्ज केला नाही. वकिलांना (वेगळे, काळा कोट नव्हेत) कागद दाखवले. ते म्हणाले, तुमचं मोठं देणं तारणाचं, सरकारी आणि जामीनकीचं. यातलं एकही नादारीनं सुटत नाही. उरले टूलवाला, कास्टिंगवाला, भंगारवाला आणि हातउसने. त्यांच्यासाठी एवढं घोडं नाचवायचं?

घर दाजींनी २००६ ला घेतलेलं. बँकेनं लेखी दिलंय, स्वतः विका, रक्कम थेट कर्जखात्यात भरा. गिऱ्हाईक मिळालं. व्यवहार मार्चच्या आत बसवायचा आहे, खतावणी मॅडमनी सांगितल्याप्रमाणं. दाजी-ताई कळंब्याला भाड्यानं जातील. व्हीएमसी बँकेच्या परवानगीनं जाईल, दोन्ही लेथ राहतील. जीएसटीचे हप्ते मागितलेत. पतसंस्थेशी मी बोललो. माझ्या पगारातून कपात नको, मी स्वतः दरमहा भरतो म्हणालो. दुबईवाल्यानं निम्म्याचं कबूल केलंय, व्हॉट्सॲपवर. मास्तर, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

भाऊंविरुद्ध तक्रार दिली, पोच घेतली. पोच ताईनं चहाच्या ट्रेमध्ये कपाशेजारी ठेवली होती. भाऊंनी वाचली. चहा घेतला नाही. चेक अजून त्यांच्याकडं आहे, दाजींनी बँकेला लेखी कळवलंय.

सगळ्यात जास्त वेळ डायरीला लागला. चार रात्री दाजी आणि ताई समोरासमोर बसले. ते पेन्सिलचं वाचायचे, ती शाईनं नव्या वहीत उतरवायची. एकवीस नावं निघाली. सात नावं ताईला माहीतच नव्हती. त्यातलं एक नाव माझ्या वडिलांचं होतं, आठ हजार, तारखेसकट. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ते कधी काही बोलले नाहीत.

---

काळा कोट

त्याची मुदत केव्हाच संपली. कायद्यानं वसूल होणार नाही.

---

रंकाळ्याचा राघू

माहीत आहे. ताईनं तरी वहीत धरलंय. नावापुढं "राघू" लिहिलंय.

---

गुळाची ढेप

भंगारवाल्याचं काय झालं ते राहिलं सांगायचं.

---

रंकाळ्याचा राघू

दाजी स्वतः गेले होते, सायकलवरून. दोघं त्याच्या काट्यावर बसून बोलले म्हणे. दरमहा दोन हजार ठरलेत. पहिला हप्ता दाजींनी तिथंच दिला, रोख. त्यानं पावती दिली, वजनाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला.

---

भवानी मंडप

पावती जपून ठेव म्हणावं भावा. पेन्सिलनं लिहिली नाही ना?